रंगाचं युद्ध आणि कळंबोलीची भिंत

दिवाळीच्या आधी कळंबोलीतल्या कुठल्याही रंगाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. काउंटरवर शेड कार्ड पसरलेलं असतं. आईला फिका पिस्ता हवा असतो, बाबांना पुन्हा तोच क्रीम, आणि आपण रीलमधली गडद हिरवी भिंत दाखवत असतो. हे भांडण मिटतं कसंबसं. पण डबा कुठल्या कंपनीचा, हे बहुतेक वेळा चौथाच माणूस ठरवतो. दुकानदार, नाहीतर पेंटर.

या चौथ्या माणसासाठी सध्या मोठी मारामारी चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रासिमने 'बिर्ला ओपस' बाजारात उतरवला. गुंतवणूक १० हजार कोटींची आणि कारखाने सहा, त्यातला एक आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला. समोर होती १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स. एशियन पेंट्स दुकानदारांवर दबाव आणून आमचा माल ठेवू देत नाही, अशी तक्रार ग्रासिमने केली आणि जुलै २०२५ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. आरोप अजून आरोपच आहेत, हे लक्षात ठेवायचं. त्याच सुमारास जेएसडब्ल्यूने 'ड्युलक्स'वाली अक्झो नोबेल इंडिया विकत घ्यायचा करार केला.

एवढी चुरस दुकानदारासाठी का? कारण आता रंग तयार डब्यात कमी आणि मशीनवर जास्त बनतो. पांढऱ्या बेसमध्ये मशीन थेंब-थेंब रंग सोडतं आणि हजारो शेड निघतात. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात अशी किती मशीन मावणार? ज्याचं मशीन आत, त्याचा डबा घरात. पेंटरसाठी डब्यात टोकन किंवा क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की त्याच्या खात्यात पैसे. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पावसाळाभर ज्याचं काम थंड असतं, त्याने ते पैसे का सोडावेत?

पण या सगळ्यात भिंतीला कुणी विचारतच नाही. कळंबोली मुळात सखल. २६ जुलै २००५ ला इथल्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, ते आपल्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. सिडकोच्या जुन्या केएल टाइप घरांत ओल नवी नाही. ओलीबरोबर भिंतीतला खार पृष्ठभागावर येतो, पाणी उडून जातं, खाराचे स्फटिक मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. मग पोपडे. त्यावर महागातला चकचकीत रंग मारला तरी दोन पावसाळ्यांत तेच. आधी गळती शोधा, प्लास्टर दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. याला ना टोकन आहे ना ऑफर, म्हणून ते कुणी आपणहून सुचवत नाही.

लाकडाचंही तसंच. दमट हवेत मेलामाइन किंवा लॅकर मारलं की पांढरट झाक येते, त्यामुळे जाणता पॉलिशवाला पाऊस सरायची वाट बघतो. घाई असेल तर सरळ सनमायका लावा.

खरी काळजी जुन्या ऑइल पेंटची आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही आणि तसं डब्यावर छापावं लागतं. नवा डबा घेताना ती ओळ शोधा. पण दारांवर, ग्रिलवर, हॉलमधल्या कमरेइतक्या पट्ट्यावर जे थर आहेत ते बरेचदा त्याआधीचे. पिवळा, केशरी, लाल असेल तर जास्तच जपायचं. कोरडा पॉलिश पेपर फिरवला की त्याची धूळ उडते. ती लहान मुलांच्या हाताला आणि तिथून तोंडात जाते. शिशाचा परिणाम मेंदूवर होतो, आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेंटर तर ही धूळ रोज खातो, तोंडाला फार तर रुमाल बांधून.

मागच्या वर्षी मावशीकडे हेच बघितलं. जुनं पिवळं दार, कोरडी घासाई आणि दोन वर्षांचा भाचा तिथेच रांगतोय. मी पेंटरकाकांना म्हटलं, पाणी मारून घासाल का?

"घासतो की ताई. पण एक दिवस वाढेल. हजेरी द्याल?"

मावशीने काकांचं उत्तर ऐकलं, हिशेब केला, आणि बेडरूमच्या एका भिंतीवर जो टेक्स्चर करायचा होता तो रद्द केला. हजेरी दिली. भाच्याला दोन दिवस आमच्याकडे आणलं. पिस्ता की क्रीम, तो वाद मात्र तेव्हाही चालूच होता.