खिडकीबाहेरचा कोपर

परवा संध्याकाळी ईटच्या स्टँडवर उभा होतो. शाळा नुकतीच सुटली होती. एक जीप खचाखच भरून निघाली आणि खिडक्यांतून पोरांचे पाच-सहा कोपर बाहेर! मी ओरडलो. शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, पोरंच ती. अन् मोडलंच तर आता ऑपरेशननं सगळं नीट होतंय."

मंडळी, हे "सगळं नीट होतंय" मला अजिबात मान्य नाही.

माझा नववीतला एक विद्यार्थी असाच बसला होता. समोरून आलेली ट्रॉली घासून गेली. कोपराजवळचं हाड नुसतं मोडलं नव्हतं, त्याचा एक भागच रस्त्यावर राहिला होता. मोडलेलं हाड जुळवता येतं. पण जे नाहीच, ते कशाशी जुळवणार?

डॉक्टर प्रयत्नांची शिकस्त करतात. आधी जखम धुवून बाहेरून सळयांनी हात स्थिर करतात. कधी रिकाम्या जागेत सिमेंटचा गोळा ठेवून सहा-आठ आठवडे थांबतात. त्याभोवती पातळ आवरण तयार झालं की गोळा काढून कमरेचं हाड तिथे भरतात. या विद्येला माझा नमस्कारच आहे. पण कमरेतून हाड मिळतं, सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळत नाही. वाढत्या वयात हाड वाढवणारी पट्टी जखमी झाली, तर हात वाकडा वाढू शकतो. आणि कृत्रिम सांधा? तो सहसा उतारवयातल्या माणसांसाठी. तो बसवल्यावरही त्या हाताने ५ किलोपेक्षा जास्त उचलू नका असं सांगतात. आपल्याकडची भरलेली घागरसुद्धा त्याहून जड असते!

माझ्या विद्यार्थ्याची चार ऑपरेशनं झाली. हात वाचला, पण उजव्या हाताचा घास आजही तोंडापर्यंत पोचत नाही.

"चूक पोराचीच" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. दहाच्या जागेत अठरा पोरं कोंबली तर त्यांनी कोपर ठेवायचा कुठे? स्कूल बसच्या खिडक्यांना आडव्या सळया लागतात. २०११ च्या राज्याच्या नियमांनुसार शाळेत परिवहन समितीही असते. मग आपली पोरं ज्या जीपमधून येतात, तिच्याकडे ही समिती एकदा तरी बघते का? दोन सळयांचा खर्च तो कितीसा!

आणि दुर्दैवाने असा अपघात झालाच, तर चोळणं नको, हळद भरणं नको, हाडवैद्य तर नकोच. जखमेवर स्वच्छ कपडा बांधा, हात आहे तसा आधाराला धरा आणि तडक मोठ्या दवाखान्यात न्या. हाडाचा तुकडा सापडला तर तोही स्वच्छ कपड्यात गुंडाळून सोबत न्या. त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

असो. तो विद्यार्थी आता स्वतः बाप झालाय. पोरीला गाडीत बसवताना आधी काच वर करतो. हे शहाणपण प्रत्येक बापाला एवढ्याच किमतीला विकत घ्यायला लागावं का? तुम्हीच सांगा.