सुजनांची सही

दिवाळीच्या पहाटे गाणे ऐकावयास जाण्याची आपल्याकडे आता प्रथाच पडली आहे. अभ्यंगस्नान आटोपून, उटण्याचा वास अंगावर घेऊन मंडळी येतात. गाणारे कोण, साथीला कोण, याची चौकशी होते. आणि फराळाला घरी परतताना आज आवाज कसा लागला होता, यावर थोडा वादही झडतो. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही: ती चीज रचली कोणी? नाटक पाहून आल्यावर नाटककाराचे नाव न विचारणारा मराठी माणूस विरळाच. कवितेखाली कवीचे नाव नसेल, तर आम्ही मास्तर मंडळी जुन्या पोथ्यांची धूळ झाडीत बसतो. पण गवयाची चीज मात्र जणू आभाळातून पडलेली!

वास्तविक रचनाकार आपली सही करून ठेवीत असतो. अंतऱ्यात कोठेतरी एक टोपणनाव गुंफलेले असते. तिला मुद्रा म्हणतात. ‘प्रेमपिया’ म्हणजे उस्ताद फैयाजखाँ, ‘चतुर’ म्हणजे पंडित भातखंडे. आणि ‘सुजन’ अशी सही आढळली, तर समजावे की ही चीज श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांची. यंदा या सुजनांविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत जन्मलेल्या या मुलाचे वडील पोलीसखात्यात होते. पण घरात गाण्याचा शौक. भातखंड्यांची नजर या मुलावर गेली आणि त्याचे आयुष्य ठरून गेले. १९१७ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळून तो फैयाजखाँसाहेबांकडे शिकू लागला. एकीकडे भातखंड्यांची शिस्त, पोथी आणि स्वरलेखन. दुसरीकडे आग्रा घराण्याची भरदार, रंगेल गायकी. शिवाय १९२६ साली पदवीही घेतली. गवई आणि बी. ए., हा योग त्या काळी दुर्मिळच होता. अशा तरुणापुढे मैफलींची वाट मोकळी होती. पण लखनौला भातखंड्यांच्या प्रयत्नाने मॅरिस कॉलेज निघाले होते आणि तेथे माणूस हवा होता. १९२८ च्या सुमारास रातंजनकर तेथे प्राचार्य झाले, आणि सुमारे तीन दशके त्यांनी ते कॉलेज सांभाळले.

प्राचार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंगला आणि बागबगीचा उभा राहतो. येथे तसले काही नव्हते. पैशाची ओढाताण नित्याची. शिष्य मात्र घरातलेच होऊन राहत. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचा कृष्णा गिंडे अकरा वर्षांचा असताना, १९३६ साली, या गुरुगृही आला आणि पुढे जन्मभर गुरूचाच राहिला. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, व्हायोलिनचे व्ही. जी. जोग, चित्रपटसंगीतातले रोशन, सारे या कॉलेजातले. आपल्या शेजारच्या बालाघाटात जन्मलेल्या सुमती मुटाटकर त्यांच्याच शिष्या. पुढे त्यांनी दिल्ली विद्यापीठाचा संगीत विभाग सांभाळला.

शिकवता शिकवताच सुजनांनी शेकडो बंदिशी रचल्या. त्या ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत छापल्या आहेत. मार्गबिहाग, केदारबहार, सालगवराळी असे नवे रागही त्यांनी घडवले. कर्नाटक पद्धतीचे ‘वर्णम्’ हिंदुस्थानी रागांत आणले. बंदिश म्हणजे दोनचार ओळींचा संसार. पण त्यात समेवर कोणता शब्द पडावा, दीर्घ अक्षर कोणत्या स्वरावर विसावावे, रागाची ओळख पहिल्याच वळणात कशी पटावी, याचा विचार किती! भाषा शिकविणाऱ्याला तर हे पाहताना छंदशास्त्राचीच आठवण होते. फरक इतकाच, की येथे मात्रा कागदावर मोजून भागत नाही, त्या तबल्याशी जुळवाव्या लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पोलंडचे थोर रचनाकार पेंडेरेत्स्की (१९३३-२०२०) हेही शिक्षकच. क्राकोच्या संगीत अकादमीचे ते १९७२ ते १९८७ प्रमुख होते. हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली त्यांची रचना बावन्न तंतुवाद्यांसाठी आहे, आणि कोणी केव्हा काय करावयाचे हे कागदावर नेमून दिलेले आहे. ते आज नसले तरी कागद बोलू शकतो. आपली बंदिश तशी नाही. कागदावर असतो तो तिचा सांगाडा. श्वास कोठे घ्यावा, मींड किती लांबवावी, कोणता शब्द हळुवार सोडावा, हे गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यातच जावे लागते. तेव्हा पेंडेरेत्स्कींनी वर्ग घेतले नसते तरी त्यांची रचना जगली असती. सुजनांनी घेतले नसते, तर ‘गीतमंजरी’ नुसती छापील राहिली असती.

याची किंमत त्यांनी मोजली. दिवसभर दुसऱ्यांच्या गळ्यावर मेहनत करणाऱ्याचा स्वतःचा गळा थकणारच. ‘पंडित खरे, पण मैफलीचे गवई नव्हेत,’ असे म्हणणारे निघाले. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. पुढे नभोवाणीवरील कलावंतांची नव्याने परीक्षा सुरू झाली; परीक्षकांत रातंजनकर प्रमुख, म्हणून नावाजलेल्या कलावंतांचा रोषही त्यांच्याच वाट्याला. १९५७ साली पद्मभूषण मिळाले, १९६३ साली संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व. पण गर्दी खेचणारी कीर्ती लाभली नाही.

आपल्या नागपूरकरांना त्यांचे एक स्थान तर जवळचेच. रायपूरच्या गाडीत बसावे, डोंगरगडला उतरावे, आणि रस्त्याने खैरागड गाठावे. नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्याच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथील राजाराणींनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ दिलेल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विद्यापीठ सुरू झाले. लखनौ सोडल्यावर रातंजनकर या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राजवाडा मिळाला, पण काम तेच, शिकवण्याचे. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी मुंबईत ते गेले.

आपल्या घरातील मुले संगीताच्या परीक्षा देतात, वहीत चीज उतरवून घेतात. मार्क किती पडले हे आपण विचारतोच. त्याबरोबर चीज कोणाची, हेही एकदा विचारावे. वहीत कदाचित गिंड्यांची एखादी रचना निघेल. त्यांनीही पुढे बंदिशी रचल्या, आणि मुद्रा घेतली ती ‘सुजनसुत’. स्वतःचे नाव सांगण्याची एकुलती एक जागा, आणि तेथेही त्यांनी नाव घातले ते गुरूचे. शिक्षकाला याहून मोठे मानधन ते कोणते?