कीबोर्ड घेताना मनगटाचाही विचार करा

संगणकासाठी हजारो रुपये मोजणारी मंडळी कीबोर्ड मात्र दुकानदार देईल तो उचलतात. मग घरबसल्या टायपिंगचे काम करणाऱ्या गृहिणीचे मनगट दुखू लागते.

खरेदीपूर्वी दुकानातच चार-पाच ओळी टाइप करून पाहा. कळ हलक्या दाबाने खाली जाऊन लगेच वर यायला हवी. कीबोर्ड शक्यतो चपटा असावा. मागचे पाय उभे केले की मनगट वर वाकते, म्हणून ते मिटलेलेच ठेवा. हिशेबाचे काम नसेल तर उजवीकडे आकड्यांच्या कळा नसलेला कीबोर्ड घ्या. माउस जवळ येतो आणि खांद्यावरचा ताण कमी होतो.

एकाच टेबलावर काम असेल तर वायरचा कीबोर्ड स्वस्तही आणि बिनघोरही. सेल बदलण्याची कटकट नाही. वायरलेसच हवा असेल तर त्याचा चिमुकला रिसीव्हर जपा. ब्लूटूथवाल्याला तो लागत नाही, पण संगणकात ब्लूटूथची सोय हवी. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड घेण्याची गरज नाही. इनस्क्रिप्ट पद्धत साध्या कीबोर्डवरही चालते.

आणि हो, बोटांना वरचेवर मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, कीबोर्डचे नंतर पाहता येईल.