रांगेतली ताई
तमिळनाडूतल्या दिंडिगुलजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण दलित मुलीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. आरोप तिच्या सुपरवायझरवर होता. तिची संघटना, बायकांनी चालवलेली 'तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन', फक्त मोर्चे काढून थांबली नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिने कारखान्याच्या मालक कंपनीशी आणि त्या कंपनीकडून कपडे घेणाऱ्या 'एच अँड एम'शी बंधनकारक करार केला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती तरतूद अगदी साधी: शिलाई मशीनच्या रांगांमध्येच कामगार बायकांमधून नेमलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या देखरेख प्रतिनिधी. टार्गेट चुकलं म्हणून सुपरवायझर अंगावर खेकसला, शिवी हासडली, नको तिथे हात लावला, तर सांगायला शेजारच्या मशीनवरची ताई असावी, यासाठी. तक्रारदारावर सूड उगवायला करारानं सक्त मनाई केली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या आपल्या २०१३च्या कायद्यातल्या अंतर्गत समितीचे सदस्य मात्र मालकच नेमतो, आणि युनियनला तिथे हक्काची खुर्ची नाही. म्हणूनच पुण्या-नाशिकच्या युनियननी पुढच्या वेतनकरारात पगारवाढीच्या बरोबरीने रांगेतल्या देखरेख प्रतिनिधींचं हे कलम मागावं. आणि वाटाघाटीला बसताना बायकांना सोबत न्यावं.