साचेखात्याचे दार कोणी बंद केले होते?



मालकाने पगार कापला तर तो आपल्याला कळतो. पैसे मोजले की हिशेब संपला. पण माणसामाणसांत फरक करून एकाच्या तोंडचा घास काढून घेतात, तेव्हा ते चटकन ध्यानात येत नाही. कारण त्या वेळी "तुझी जात अमुक, म्हणून तुला काम नाही" असे तोंडावर कोणी बोलत नाही. मुकादम म्हणतो, "हे काम तुला जमायचं नाही." साहेब म्हणतो, "कंपनीची रीतच आहे." आणि आपल्यातलाच एखादा शहाणा खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "तुझ्याच भल्याचं सांगतो बाबा, जाऊ दे." हे पुढे केलेले कारण कसे ओळखायचे, एवढ्यासाठीच आम्ही आज लिहायला बसलो आहोत.

पहिला दाखला गिरणगावचाच घेऊ. आणि तो मालकाच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या वागण्याचा घेऊ. काहींना झोंबेल. झोंबू द्या.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचा पगार त्रासनखात्यापेक्षा जास्त. हे सगळ्या गिरणगावाला ठाऊक होते. अस्पृश्य म्हणून ज्यांना दूर ठेवले ते कामगार त्रासनखात्यात, रिंगवर काम करीत. साचेखात्यात मात्र त्यांना पाऊल टाकू देत नसत. का? तर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचा. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. सवर्ण साचेवाले म्हणाले, आम्ही बाटतो. झाले! एवढ्याशा लाकडी धोट्याने हजारो माणसांची जास्तीची भाकर अडवली. पिण्याच्या पाण्याचे रांजण वेगळे होते ते आणखी निराळेच.

आता हे कारण जरा घासून बघू या. तोंडाने धागा ओढणे घाणेरडेच होते. सुताची धूळ आणि दुसऱ्याची थुंकी पोटात जायची. पण भीती रोगाची असती तर ती सर्वांच्याच थुंकीची वाटायला हवी होती. छातीचा आजार जडलेला सवर्ण साचेवाला त्याच खात्यात खोकत काम करीत होता, त्याला कोणी हटकले नाही. उत्तरेकडून आलेले जुलाहे मुसलमान विणकर त्याच साचेखात्यात होते. दार बंद झाले ते एकाच समाजाला. कारण खरे असेल तर ते सगळ्यांना सारखे लागते. एकालाच नेमके लागू पडत असेल तर समजावे की कारण निराळे आहे, आणि धोटा आपला बोलायला आहे.

१९२८ साली सहा महिन्यांचा मोठा संप झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना रोखठोक विचारले : सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मागण्यांत घालता की नाही? नाही घातलात तर ह्या संपात उतरू नका असे मी माझ्या लोकांना सांगेन. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा ते काय म्हणाले? हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे! मालकांनी हात झटकले. लाज वाटण्याची गोष्ट ही, की तेवढ्यापुरते ते अगदीच खोटे बोलत नव्हते. दार आपल्याच भावांनी ओढून धरले होते. पण गिरणी कोणाची? मस्टर कोणाचे? दाराची किल्ली ज्याच्या खिशात, त्याला "आमचा काय संबंध" म्हणून सुटता येत नाही. वेगवेगळ्या रांजणांचे पाणी पिणारी दोन खाती एका फाटकावर एकजुटीने उभी राहत नाहीत, हे त्याला चांगले कळत होते.

दुसरा दाखला बायकांचा. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबल लावण्याच्या कामावर मुली होत्या. नियम असा, की लग्न केले की नोकरी गेली! कंपनीचे म्हणणे, हे काम टोळीने चालते, सगळ्यांची हजेरी लागते, आणि लग्न झालेल्या बायका खाडे फार करतात. ऐकायला किती सरळ वाटते! बॉम्बे लेबर युनियनने हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेले आणि १९६५ साली कोर्टाने तो नियम मोडून काढला. कोर्टाने तोच सवाल घातला जो आपण धोट्याला घातला. मुलाबाळांमुळे खाडे होतात म्हणता, तर मुले असलेल्या विधवेचे काय? तिला तर तुमचा नियम घालवत नाही. बाळंतपणाची रजा सोडली तर लग्न झालेली बाई जास्त गैरहजर राहते, याला पुरावा कुठे आहे? पुरावा नव्हता. कंपनीला बाळंतपणाच्या रजेचा खर्च टाळायचा होता, आणि नाव मात्र हजेरीचे.

गिरण्यांत तरी काय झाले? १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. पुढच्या वर्षांत वाइंडिंग-रिळिंगमधल्या बायका हळूहळू कमी होत गेल्या. कधी नवे यंत्र आले म्हणून, कधी रात्रपाळीला बाई चालत नाही म्हणून. कारणे बदलत होती, घरी जाणारी बाईच होती.

तिसरी सबब "काम वेगळे आहे" ही. मुंबईच्या एका जहाज कंपनीत स्त्री स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. कंपनी म्हणाली, बायकांचे काम निराळे, आणि शिवाय युनियनशी करार झाला आहे. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही सबबी फेटाळल्या. काम सारख्याच स्वरूपाचे असेल तर १९७६ च्या समान वेतन कायद्याने पगार सारखा, आणि करार केला म्हणून कायदा मोडण्याची मुभा मिळत नाही. ही गोष्ट आपल्या युनियनच्या कचेरीत भिंतीवर लावण्यासारखी आहे. आपल्या सहीनेही अन्याय होऊ शकतो.

इथे एक गोष्ट साफ बोलली पाहिजे. प्रत्येक त्रास म्हणजे भेदभाव नव्हे. मुकादम सगळ्यांनाच शिव्या घालीत असेल तर तो वाईट माणूस आहे, त्याच्याशी भांडा, पण ते भांडण निराळे. साच्यावर घेताना साचा चालवता येतो का हे पाहणे हाही भेदभाव नव्हे. आणि बाळंतपणाची रजा ही बायकांवर मेहेरबानी, पुरुषांवर अन्याय, असे कुजबुजणाऱ्याच्या नादी लागू नका. ओझे सारखे नसेल तिथे आधार सारखा कसा असेल?

कायदा आपल्या बाजूला नाही असे नाही. १९५० च्या संविधानाने अस्पृश्यता बंद केली. १९५५ च्या कायद्याने तिला गुन्हा ठरवले, आणि त्यात एक मोलाचे कलम आहे : असे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध घडले, तर ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे कोर्टाने धरून चालायचे. तसे नव्हते हे करणाऱ्याने दाखवायचे! १९७१ साली महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला. गुण न बघता एका गटाच्या कामगारांवर मर्जी दाखवणे, माणसाला वर्षानुवर्षे बदलीच ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणे, हे त्याने यादीत घातले आणि तक्रारीला ९० दिवसांची मुदत ठेवली. मुदतीचा धडा लक्षात ठेवा. "बघू, सांगू" करता करता दिवस निघून जातात.

आणि भाषेचे सांगायचे तर, १९४६ च्या कायद्याने स्टँडिंग ऑर्डर फाटकापाशी इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायला सांगितली होती. नियम काय आहे हे वाचता आले तरच तो कोणाला लावला आणि कोणाला नाही, हे पकडता येते. मराठी फळ्याची मागणी आपण करतो ती काही केवळ अभिमानापोटी नव्हे.

१८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगावची धुराडी एकेक करून विझली. काम भिवंडीला, इचलकरंजीला, मालेगावला यंत्रमागांवर गेले. पुष्कळ ठिकाणी बिनधोट्याचे माग आले, तोंडाने धागा ओढायचे काम उरले नाही. तरी आता दुसरी सबब निघते : "तो ठेकेदाराचा माणूस आहे", "त्या वस्तीतली पोरं टिकत नाहीत", "बाईमाणसाला मशीन झेपत नाही".

असे कानावर आले तर भांडायच्या आधी वही काढा. तारीख, पाळी, मागाचा नंबर लिहा. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, सभ्य करू नका. आपल्याऐवजी त्या दिवशी कोणाला घेतले, त्याला काम किती वर्षांचे येत होते, हे लिहा. दोन साक्षीदारांची नावे लिहा. तीच अडचण असलेल्या दुसऱ्या कोणाला चालवून घेतले असेल तर ते आधी लिहा, कारण सबब तिथेच उघडी पडते.

आणि उद्याची पाळी सुटली की आपल्या खात्यात एकदा नजर फिरवा. कोण कोण आहे ते मोजा, मग कोण एकही नाही ते मोजा. का नाही, हे मुकादमाला विचारा. त्याआधी शेजारच्या सोबत्याला विचारा, आणि त्याने दिलेले कारणही वहीत लिहून युनियनच्या कचेरीत घेऊन या.