आठाचा दुसरा अर्धा भाग

दुचाकीच्या परवान्यासाठी आरटीओच्या मैदानावर काढलेला 'आठ' तुम्हांला आठवत असेल. पाय न टेकता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाडी फिरवायची. (मराठी आठाला ते साधणार नाही!) त्या आकृतीचा एक अर्धा भाग डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे, एकाच बाजूने वळता येणाऱ्याचा तेथे निभाव लागत नाही.

अहिल्यानगरच्या सावेडी भागातील आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक एकाहत्तराव्या वर्षीही स्कूटर चालवीत. बाजारातून परतताना ते लांबचा रस्ता धरतात, हे त्यांच्या पत्नीच्या ध्यानी आले. विचारल्यावर म्हणाले, "तिकडून सगळी वळणे डावी आहेत." मग बाईंना आणखी एक गोष्ट जाणवली. घरातही उजवीकडे वळताना त्यांचा हात भिंत शोधत असे.

एक बाजू कच्ची असण्यात नवल नाही. ट्रायल्स नावाच्या मोटारसायकलींच्या खेळात दगडधोंड्यांतून, चढउतारांवरून अतिशय संथपणे गाडी न्यायची असते. वेगाला तेथे मोल नाही. पाय एकदा टेकला की एक दंडगुण. त्यातील तरुणही एका बाजूला सफाईने वळतात आणि दुसऱ्या बाजूला अडखळतात. म्हणून अवघड बाजूचा सराव अधिक करावा लागतो. आपल्याकडे तर स्टँड डावीकडे, चढणे-उतरणे डावीकडून, थांबताना टेकतो तोही बहुधा डावा पाय. हँडल पूर्ण उजवीकडे वळवले की ॲक्सिलरेटरचा हात अंगाशी येतो, मनगट मुडपते. शिवाय उजवे वळण म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांना ओलांडून जाणे.

वळताना नजर चाकापुढे नव्हे, जेथे जायचे तेथे हवी. त्यासाठी मान वळावी लागते, आणि उतारवयात नेमकी मानच आखडते. पायी चालतानाही क्रम हाच आहे: आधी नजर, मग मान, मग खांदे, शेवटी पावले. सरळ चालताना पडण्यापेक्षा वळताना पडणे खुब्याच्या हाडाला अधिक धोक्याचे, कारण माणूस बहुधा कुशीवर आदळतो.

कॅनडात १९८९ मध्ये मांडल्या गेलेल्या बर्ग तोल-चाचणीत १४ कृती आहेत. त्यांपैकी एकीत जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायची, आधी एका बाजूने, नंतर दुसऱ्या. दोन्हीकडे प्रत्येकी ४ सेकंदांत सुरक्षित फिरता आले तर ४ गुण; एकाच बाजूला जमले तर ३. चालण्याच्या आणखी एका चाचणीत ५ फुटांवर दोन खुणा ठेवून त्यांभोवती आठ काढावयास सांगतात.

हा आठ घरातही काढता येतो. दोन जड खुर्च्या ५ फुटांवर ठेवाव्यात. चप्पल सैल नको. एका पायावर गर्रकन न फिरता लहान लहान पावले टाकावीत. काळजी घेणाऱ्याने कच्च्या बाजूला, हाताच्या अंतरावर राहावे. हात धरून ओढू नये. भोवळ आली तर लगेच बसवावे. पूर्वी पडलेल्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बागेत रोज एकाच दिशेने फेऱ्या मारणाऱ्यांनीही अधूनमधून दिशा बदलावी. देवळातील प्रदक्षिणेचा विषय वेगळा.

वळताना पावले जमिनीला चिकटल्यासारखी होत असतील, किंवा साध्या वळणाला पुष्कळ बारीक पावले लागू लागली असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. कंपवाताची ती एक खूण असू शकते. अचानक एका बाजूला तोल जाऊ लागला, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. आणि मान वळवून मागचे वाहन पाहता येत नसेल, तर दुचाकी रस्त्यावर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुरुजींनी ते मानले, थोडे रुसूनच. रोज सकाळी बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या जातात. बाई उजवीकडे उभ्या राहतात. स्कूटर अंगणात आहे, किल्ली बाईंच्या कपाटात.