भोपाळच्या सहलीत पैसा कुठे सैल सोडावा

सुट्टीत भोपाळ, सांची, भीमबेटका असा बेत ठरला की घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, एवढ्या लांब जायचे तर हात आखडता घेऊ नये. दुसऱ्याचे म्हणणे, सहलीत पैसा कसा गेला ते परत आल्यावरच कळते, म्हणून आधीच आवरावा. दोघांचेही खरे आहे, कारण भोपाळमध्ये काही खर्च दुप्पट केला तरी हाती काही लागत नाही आणि काही थोडासा वाचवला तर सगळी सहलच वाया जाते.

पहिला वाद विमान की रेल्वे हा. रजा दोनच दिवसांची असेल तर विमानाला पर्याय नाही, आणि त्या खर्चाबद्दल कुणाला बोल लावू नये. शिवाय ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेभाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाल्यापासून आजी-आजोबांसह वातानुकूलित डब्याने जाणे पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. तरीही चार दिवस हाताशी असतील तर आमचा कौल रेल्वेला. मुंबईहून रात्री पंजाब मेल पकडली की सकाळी भोपाळ येते आणि एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते. इटारसीनंतर नर्मदा ओलांडून गाडी विंध्याच्या घाटात शिरते, तो पट्टा जागेपणी पाहावा. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांना १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतूनच या भागातले खडक दिसले आणि त्यांच्या शोधातून भीमबेटक्याची शैलचित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

दुसरा वाद गाडीचा. सांची, शिवमंदिराचे भोजपूर आणि भीमबेटका एकाच दिवसात दाखवू, असे सांगणारे भोपाळमध्ये पुष्कळ भेटतात. एका दिवसाचे भाडे वाचते हे खरे, पण सांची भोपाळच्या ईशान्येला पन्नासेक किलोमीटर आणि भीमबेटका जवळपास तेवढेच दक्षिणेला. दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी घाई होते. ही बचत आम्हाला महाग वाटते. सांचीला विदिशेकडे जाणाऱ्या बसनेही जाता येते. भीमबेटक्याला मात्र बस हमरस्त्यावरच सोडते आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर चढ चालावा लागतो. म्हणून टॅक्सीचा पैसा भोजपूर-भीमबेटक्याच्या दिवसावर घालावा आणि सांचीला बसने जावे. गुडघे दुखणारे कुणी बरोबर असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून दोन्ही दिवस टॅक्सी करावी. म्हाताऱ्या माणसाच्या आरामावर केलेला खर्च उधळपट्टीत मोजू नये.

खरी घासाघीस होते ती गाईडवरून. स्मारकाचे तिकीट थोडक्या रुपयांचे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तर प्रवेश मोफत, आणि गाईड त्याच्या कितीतरी पट मागतो. त्यामुळे ‘पाट्या लावलेल्या आहेतच की’ म्हणून बहुतेक कुटुंबे पुढे जातात. त्यांची शंका अगदी निराधार नाही, कारण चार दंतकथा सांगून पैसे घेणारेही भेटतात. पण सांचीच्या स्तूपाची तोरणे कुणी समजावून दिल्याशिवाय बोलत नाहीत. तिथे बुद्ध मनुष्यरूपात कोरलेलाच नाही. बोधिवृक्ष, पावलांचे ठसे, स्वाराविना चाललेला घोडा, या खुणांतून त्याचे असणे ओळखायचे असते. हे ठाऊक नसेल तर डोळ्यांपुढे नुसती सुंदर नक्षी राहते. दक्षिण तोरणावर एक लेख आहे: राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याचे हे दान. नाणेघाट आणि पैठण ज्या सातवाहनांचे, त्यांच्याच राजाचे नाव इथे माळव्यात दगडावर आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनीही आपण केलेले काम नोंदवून ठेवले आहे. मराठी मुलाला हे तिथे उभे करून, बोट दाखवून सांगणारा माणूस मिळाला तर त्याचे पैसे देताना कुरकुर करू नये. अधिकृत परवाना पाहावा, पैसे आधी ठरवावेत, जमल्यास दोन कुटुंबांनी मिळून एक गाईड करावा. घरून वाचून जाणाऱ्याला तोही लागणार नाही, पण तेवढे वाचून किती जण जातात, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात मात्र गाईडवर खर्च करू नये. तिथली मांडणीच इतकी बोलकी आहे की मोकळा अर्धा दिवस असला म्हणजे पुरे.

तलाव दिसणाऱ्या खोलीचे जास्तीचे भाडेही आम्हाला पटत नाही. बडा तालाबचा सूर्यास्त बोट क्लबच्या काठावरून फुकट दिसतो. ज्यांना खोलीबाहेर फारसे पडता येत नाही, त्यांच्यासाठी मात्र ती खिडकी जरूर घ्यावी. हॉटेलातल्या नाश्त्याचे पैसे वाचवून बाहेर पोहे-जिलेबी खावी आणि जुन्या शहरात मिठाचा सुलेमानी चहा प्यावा.

खरेदीत मन घट्ट करावे, एक गोष्ट सोडून. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात आले आणि गोंड चित्रे भिंतींवरून कागद-कॅनव्हासवर उतरली. त्यांच्या परंपरेतले अनेक चित्रकार आज भोपाळमध्येच राहून काम करतात. छापील प्रती आणि चुंबकाच्या आठवणवस्तू यांवर मिळून जेवढे पैसे जातात, तेवढ्यात एखादे छोटे मूळ चित्र थेट चित्रकाराकडून मिळू शकते. पैसा राखून ठेवावा तो यासाठी.

आरक्षण करण्यापूर्वी वार तेवढे पाहून घ्या. भोपाळची जनजातीय आणि मानव ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि सांचीचे वस्तुसंग्रहालय शुक्रवारी.